कार्तिकातला रानमेवा : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की विदर्भाच्या रानातले गवत पिवळे पडू लागते, पूर्वेकडे धानाच्या बांध्या कापणीला येतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. पावसाळाभर रानभाज्यांविषयी विचारणारे वाचक आता सीताफळ, आवळा, बिबा आणि शिंगाडा यांच्याविषयी विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सात येथे घेतली आहेत. ती एकत्र वाचताना जाणवले की बहुतेक अडचणींच्या मुळाशी फळ वेळेआधी काढण्याची किंवा नीट ओळखण्याआधी खाण्याची घाई आहे, त्यामुळे उत्तरांमध्ये हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : बाई, आमची जिल्हा परिषदेची शाळा जंगलाला लागून आहे. सुट्टीनंतर सातवीच्या मुलांना रानफळांची ओळख करून देण्यासाठी एक दिवस रानात नेण्याचा विचार आहे. मुलांनी कोणती फळे खावीत, कोणती टाळावीत आणि ही ओळख शिकवायची कशी? (एक शिक्षिका, जिल्हा गोंदिया)

उत्तर : तुमचा विचार फार चांगला आहे, आणि तो अमलात आणताना गावातल्या एक-दोन जाणत्या आयाबायांना सोबत घ्यावे, ही माझी पहिली विनंती आहे. पुस्तकातल्या चित्रावरून फळ ओळखणारा माणूस चुकू शकतो; ज्या बाईने तीस वर्षे त्याच झाडाखाली आवळा वेचला आहे, ती सहसा चुकत नाही.

मुलांना फळाची ओळख शिकवू नये, झाडाची शिकवावी. फळ हातात आले की मुलाचे लक्ष त्याच्या रंगावर आणि चवीवर जाते, आणि फसगत तिथेच होते. म्हणून आधी साल, मग पानांची मांडणी, मग फळ फांदीला कसे लागले आहे ते आणि शेवटी फोडून आतले बी, असा क्रम ठेवावा. आवळ्याची बारीक पाने चिंचेसारखी पिसाच्या आकारात रचलेली दिसतात आणि फळ जवळजवळ देठाविनाच फांदीला चिकटलेले असते. त्याच्यावर उभ्या सहा फिकट रेषा असतात, त्या मुलांना बोटाने मोजायला लावाव्यात. बेहड्याची मोठी पाने फांदीच्या टोकाशी गर्दी करून येतात आणि त्याच्या फळावर करड्या मखमलीसारखी लव असते. हिरड्याचे फळ मात्र गुळगुळीत असते, वाळल्यावर त्याच्यावर पाच कंगोरे उठून दिसतात, आणि पानाच्या देठावर, पान सुरू होते तिथे, दोन बारीक गाठी असतात. बेहडा आणि हिरडा एकमेकांशेजारी ठेवून सातवीच्या मुलांना एकदा हे दाखवले, तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

मुलांनी रानात खाण्यासाठी सीताफळ, आवळा, येरोणी (काटेरी झुडपावरची बारीक रानबोरे) आणि हंगाम पुढे सरकला असेल तर बोरे एवढी यादी पुरेशी आहे. बेहड्याच्या आतली गिरी मुलांना फार आवडते, कारण ती बदामासारखी लागते; परंतु ती जास्त खाल्ली तर गुंगी येते. मी स्वतः चौथीत असताना मैत्रिणींबरोबर दगडावर बेहडे फोडून मूठभर गिरी खाल्ली होती आणि संध्याकाळपर्यंत मला उभे राहता येत नव्हते. म्हणून ती एक-दोन दाण्यांच्या पलीकडे खाऊ देऊ नये.

टाळायच्या वनस्पतींमध्ये पहिले नाव चंद्रज्योतीचे घ्यावे, जिला मोगली एरंडही म्हणतात. ती खोल रानात नसते. शाळेच्या कुंपणाला, शेताच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला असते, आणि हाच तिचा मोठा धोका आहे. जैवइंधनासाठी तिची मध्यंतरी पुष्कळ लागवड झाली, तेव्हापासून ती आणखी सगळीकडे दिसू लागली. याच दिवसांत तिची फळे हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची काळपट होतात. आत बहुधा तीन काळ्या बिया निघतात आणि त्यांची गिरी भुईमुगासारखी गोडसर लागते. एका मुलाने खाल्ली की दहा मुले खातात. थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. असे झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या खटपटीत पडू नये. मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या फळाची डहाळी सोबत घ्यावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो.

गुंजेच्या लाल-काळ्या बिया थंडीत शेंगा उकलल्या की दिसू लागतात. त्यांचे टरफल कडक असल्यामुळे अखंड गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. म्हणून ती खेळायलाही देऊ नये. गेळफळ पेरूच्या लहान फळासारखे दिसते, त्याने जोराच्या उलट्या होतात आणि ते डोहात मासे गुंगवण्यासाठी वापरत आले आहेत, एवढे सांगितले तरी मुले त्याला हात लावणार नाहीत. खाजकुयलीच्या तपकिरी लवेच्या शेंगाही याच दिवसांत वेलींवर लोंबतात. लव अंगाला लागली तर चोळू नये, गार पाणी ओतून धुवावी आणि कपडे बदलावेत.

रानात जाण्याची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन अशी ठेवावी, वाघ-अस्वलाचा वावर असेल तर वनरक्षकांना आधी सांगावे आणि मुलांना बोलत-गात, घोळक्याने चालू द्यावे. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात अगदी बारीक किडे असतात आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा ताप येतो. २०१८ साली नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतात बसू नये, घरी गेल्यावर आंघोळ करावी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे आणि अंगावर काळी खपली दिसते का तेही पाहावे.

प्रश्न : दसऱ्याला गावी गेलो असताना टेकडीवरची पोतेभर सीताफळे तोडून नागपूरला आणली. निम्मी पिकलीच नाहीत, काळी पडून दगडासारखी झाली. आमच्या आजीकडे तर सगळी पिकत असत. आमचे काय चुकले? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही डोळा न पडलेली सीताफळे तोडली. सीताफळ तयार होऊ लागले की त्याच्या खवल्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि त्यांत पांढरट-पिवळसर रंग दिसू लागतो; यालाच डोळा पडणे म्हणतात. ज्या फळाच्या खाचा अजून हिरव्या आणि घट्ट मिटलेल्या आहेत, ते तोडल्यावर पिकत नाही, नुसते वाळते. एकाच झाडावरची सगळी फळे एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून आजी आठवड्यातून दोनदा टेकडीवर जात असणार आणि प्रत्येक वेळी थोडीच फळे आणत असणार. तुम्ही एका दिवसात पोते भरले.

डोळा पडलेली फळे धानाच्या तणसात किंवा कुटारात एका थरात मांडून ठेवावीत. तीन ते पाच दिवसांत ती मऊ होतात. पोत्यात दाबून भरली तर खालची फुटतात आणि फुटलेल्या फळाचे पाणी लागून वरचीही नासतात. झाडावरच पिकून फुटलेल्या फळाचा मोह टाळावा, कारण ते पक्ष्यांनी आणि मुंग्यांनी आधीच गाठलेले असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नसली तरी सांगते. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची पद्धत अजून घरोघरी आहे. ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते आणि लहान मुलीचे डोके धुताना ती डोळ्यात जाणे अगदी सोपे आहे. उवांसाठी आज सुरक्षित औषधे मिळतात. ही पद्धत बंद करावी.

प्रश्न : गोडंबीला (बिब्याच्या आतल्या गिरीला) चांगला भाव असल्याचे ऐकून मित्रासोबत बिबे गोळा केले आणि घरी फोडले. त्या दिवशी काही झाले नाही, पण तिसऱ्या दिवशी माझे तोंड सुजले, हातांवर फोड आले. मित्राला काहीच झाले नाही. बिबा माझ्यावरच का उतला? आणि गोडंबी काढण्याची बिनधोक रीत आहे का? (एक तरुण शेतकरी, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : तोंडाची सूज डोळ्यांपर्यंत पोहोचली असेल, फोड फुटून चिघळत असतील किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

बिबा हा आंबा, काजू आणि चारोळी यांच्या कुळातला आहे. आंब्याचा चीक ओठाला लागून होणारा फोड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बिब्याचे तेल त्याच जातीचे, पण कितीतरी जहाल असते. बिब्याच्या काळ्या, हृदयाच्या आकाराच्या फळाला दुहेरी कवच असते आणि त्या दोन थरांच्या मध्ये हे काळे, चिकट तेल भरलेले असते. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी तेच वापरत, कारण ते धुऊन जात नाही. अंगाला लागल्यावर त्याची जळजळ काहींना लगेच होते, परंतु तोंड सुजवणारा जो प्रकार आपण बिबा उतणे म्हणून ओळखतो, तो बहुधा शरीराच्या वावड्याचा असतो आणि असे वावडे उमटायला एक-दोन दिवस लागतात. तुमच्या शरीराला ते आहे, मित्राच्या शरीराला आज नाही. त्याला पुढेही काही होणार नाही, असे मात्र समजू नये. वारंवार संपर्काने ते निर्माण होऊ शकते. तुम्ही यापुढे बिबा फोडण्याच्या कामापासून दूर राहावे. पुढच्या वेळी त्रास याहून जास्त होण्याची शक्यता आहे आणि गोडंबीच्या भावाने त्याची भरपाई होणार नाही.

तेल हाताला लागल्याचे लक्षात येताच साबण आणि भरपूर पाणी वापरून लगेच धुवावे, नखांच्या कडा विसरू नयेत आणि धुण्यापूर्वी तोंडाला हात लावू नये. तुमच्या तोंडाला बिबा लागला नव्हता, तरी ते सुजले, याचे कारण बहुधा तुमचेच हात आहेत. खोबरेल चोळण्याची घरगुती पद्धत सांत्वन देते, पण बिब्याचे तेल तेलात विरघळते आणि न धुतलेल्या हाताला खोबरेल चोळले तर ते पसरते; म्हणून साबण आधी, बाकीचे नंतर. टरफले चुलीत घालू नयेत. त्यांच्या धुराने डोळे आणि घसा दोन्ही पोळतात, आणि धूर घरातल्या सगळ्यांपर्यंत जातो.

गोडंबी काढण्याची संपूर्ण बिनधोक रीत मला ठाऊक असती तर मी आनंदाने सांगितली असती. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या बाया बिबे चांगले वाळवून घेतात, हाताला राख किंवा तेल चोळतात आणि दगडावर एक-एक बिबा नेमक्या जागी ठोकून आतली पांढरी गिरी अखंड काढतात. त्या बायांचे हात जवळून पाहावेत. बोटांची टोके काळी पडलेली, कातडी सोललेली, काहींच्या तळहातावर जुन्या फोडांचे डाग. हिवाळ्यात आपण डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतो, बाळंतिणीला देतो, तिची चव वाखाणतो. ती चव कोणाच्या हातांतून आली हे विकत घेणाऱ्याने जाणावे आणि भाव करताना घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते. हे काम करायचेच असेल तर जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा आणि उघडी, वाऱ्याची जागा एवढे तरी असावे.

बिब्याचा एक भाग मात्र घरोघरी आवडीने खाल्ला जातो, आणि तरुण वाचकांना तो माहीत नसतो. काळे फळ ज्या मांसल, नारिंगी बोंडावर बसलेले असते, त्याला आपल्याकडे बिब्याचे फूल म्हणतात. ते मार्गशीर्ष-पौषात पूर्ण पिकले की काळे फळ काळजीपूर्वक वेगळे करून बोंडे दोऱ्यात ओवतात आणि उन्हात वाळवतात. कच्चे बोंड घशाला बोचते. वाळवलेले किंवा चुलीच्या आरावर भाजलेले बोंड खारकेच्या जवळ जाणारे, किंचित तुरट गोड लागते. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात अशी माळ आढ्याला टांगलेली असायची आणि रात्री जेवणानंतर ती एक-एक बोंड निखाऱ्यावर फिरवून आम्हाला द्यायची. तुम्हाला बिब्याचे वावडे असल्यामुळे तुम्ही तेही खाऊ नये.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला यंदा आवळा गोळा करून विकायचा आहे. व्यापारी दसऱ्यापासूनच आवळा मागतो, म्हणून गावातले लोक हिरवा आवळा फांद्या तोडून आणतात. आम्ही थांबलो तर आमच्या वाट्याला काहीच उरत नाही. शिवाय जंगलातला आवळा विकायला परवानगी लागते, असे काहीजण म्हणतात. आम्ही काय करावे? (बचत गटाच्या एक सदस्य, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एकट्या बचत गटाला सोडवता येणार नाही अशी एक अडचण आहे, आणि ती सोडवण्याची जागा ग्रामसभा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी आवळा तयार झाला हे कसे ओळखावे ते पाहू, कारण व्यापाऱ्याशी बोलताना हेच तुमच्या उपयोगी पडेल. चार-पाच झाडांवरचा एक-एक आवळा कापून आतले बी पाहावे. बी पांढरट असेल तर आवळा कच्चा आहे. बी तपकिरी झाले असेल तर तो तयार आहे. तयार आवळ्याचा गर्द हिरवा रंग जाऊन त्याला पिवळसर झाक येते आणि उजेडात धरला तर तो काहीसा पारदर्शक दिसतो. आपल्याकडे रानआवळा साधारणपणे कार्तिकाच्या अखेरीपासून या अवस्थेला येऊ लागतो आणि पौषापर्यंत मिळत राहतो. तुळशीच्या लग्नात आवळा, बोर, चिंच आणि ऊस मांडायची आपली रीत या हंगामाशी जुळणारी आहे. दसऱ्याला तोडलेला आवळा वाळवल्यावर आकसतो, वजनात घटतो आणि चवीला नुसता तुरट राहतो. म्हणजे झाडाचे नुकसान होतेच, पण तुमच्या पदरातही कमीच पडते.

फांदी तोडण्याने काय होते ते मी एका गावाबाहेरच्या झाडावर सलग पाहिले आहे. चांगले मोठे, भरभरून लागणारे झाड होते. एका हंगामात त्याच्या खालच्या सगळ्या फांद्या कोयत्याने उतरवल्या गेल्या, कारण जमिनीवर बसून फळे ओरबाडणे सोपे जाते. पुढच्या वर्षी त्याच्यावर पानांचे झुबके फुटले, आवळा मात्र शेंड्याकडे थोडासा लागला. तोही काढण्यासाठी कोणीतरी शेंडा उतरवला. आता तिथे बुंधा आहे आणि त्याच्यावर बांडगूळ आहे. आवळा ज्या बारीक डहाळ्यांवर लागतो, त्या जाड, जुन्या फांद्यांवर फुटतात. जुनी फांदी गेली की अनेक वर्षांचे पीक एका दुपारी गेले.

झाडाखालचे गवत काढून जुन्या साड्या किंवा ताडपत्री अंथरावी, बांबूच्या आकडीने फांदी हलवावी आणि पडतील ते आवळे घ्यावेत. न पडणारे अजून तयार नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा यावे. प्रत्येक झाडावर थोडी फळे राहू द्यावीत आणि खाली पडलेलीही सगळी वेचू नयेत. चितळ आवळा गिळते आणि नंतर रवंथ करताना त्याचे बी दुसरीकडे कुठेतरी टाकते. रानात आवळ्याची नवी रोपे उगवण्यात त्याचा हात असतो. चितळाच्या वाट्याचे आपण उचलले तर ते काम करायला कोणी उरत नाही.

कच्चा आवळा पोत्याने विकण्यापेक्षा तो थोडा तरी घडवून विकावा. निवडलेले आवळे उकळत्या पाण्यात पाकळ्या सुटेपर्यंत ठेवून, बी काढून, मीठ लावून वाळवले की आवळा सुपारी तयार होते, आणि तिला भांडवल जवळजवळ लागत नाही. डागाळलेला आणि पडून ठेचलेला आवळा त्यात मिसळू नये. एका पोत्यात असा माल निघाला की व्यापारी पुढची दहा पोती पाडून मागतो.

आता परवानगीविषयी. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज (आवळा, बांबू यांसारखे जंगलातले उत्पन्न) गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिलेला आहे. २०१२ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देऊ शकते. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे का, हे ग्रामसभेच्या कागदपत्रांत पाहावे; झाला नसेल तर दावा दाखल करावा. तुमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हा हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती घेतला, हे तुम्ही ऐकले असेलच. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात वेगळे नियम लागू असतात, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय काही उचलू नये.

याच कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे, आणि तुमच्या पहिल्या अडचणीवर उपाय इथे आहे. भाद्रपदातच ग्रामसभा बोलवावी आणि अमुक तिथीच्या आधी कोणीही आवळा काढणार नाही, फांदी कोणीही तोडणार नाही, असा ठराव करून तो व्यापाऱ्यालाही कळवावा. सगळे गाव थांबले तर व्यापाऱ्यालाही थांबावे लागते. यंदा उशीर झाला असेल तर निदान फांदीपुरता ठराव आताच करून घ्यावा.

प्रश्न : दिवाळीत गावी आलो आहोत. जंगलातून ताजी चारोळी कुठे वेचता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या दिवसांत कुठेही नाही. चाराचे झाड हिवाळ्याच्या अखेरीस मोहरते आणि काळी-जांभळी फळे चैत्र-वैशाखात पिकतात. त्यांच्या कठीण कोयीतून जी गिरी निघते तिला आपण चारोळी म्हणतो. दिवाळीत बाजारात दिसते ती उन्हाळ्यात फोडलेली असते, आणि ती तुमच्या गावातल्याच एखाद्या घरी डब्यात असण्याची शक्यता आहे. त्या घरून विकत घ्यावी.

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावात शिंगाड्याचे वेल दिसतात. मुले पोहत जाऊन शिंगाडे आणतात आणि तिथेच दाताने सोलून खातात. हे योग्य आहे का? आणि तो रानमेवा समजून कोणीही काढू शकतो का? (एक माजी सरपंच, जिल्हा भंडारा)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे.

शिंगाडा आपोआप आल्यासारखा दिसत असला तरी भंडारा-गोंदियाच्या तलावांतला बहुतेक शिंगाडा लावलेला असतो. ढिवर समाजातली कुटुंबे पावसाळ्यात कमरेभर पाण्यात उतरून त्याची रोपे लावतात आणि आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत डोंग्यातून किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून, वेल उलटून-उलटून, खालची फळे काढतात. तयार फळ बोट लावताच सुटते. ओढावे लागले तर ते कोवळे असते, आणि फार उशीर झाला तर ते स्वतःच सुटून तळाशी जाते. त्यांचे अर्धे अंग महिनोन्‌महिने पाण्यात असते, काट्यांनी बोटे फाटतात. तलाव मासेमारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर शिंगाडा त्या ठेकेदार कुटुंबांचे पीक आहे, आणि मुलांनी तो काढणे म्हणजे कोणाच्या तरी शेतातला हरभरा उपटण्यासारखे आहे. हे मुलांना माजी सरपंचांनी सांगितले तर ती ऐकतील.

दाताने सोलण्याची सवय तर तातडीने मोडावी. तलावात गुरे बसतात, गावाचे सांडपाणी येते, आणि सालीला चिकटलेले जंतू व कृमींच्या सूक्ष्म अळ्या दाताने सोलताना सरळ तोंडात जातात. शिंगाडा स्वच्छ पाण्याने धुवावा, मिठाच्या पाण्यात उकडावा आणि मग चाकूने दोन्ही शिंगे छाटून सोलावा. उकडलेल्या शिंगाड्याला जो भाजल्या चेस्टनटसारखा, भुरभुरीत गोडवा येतो, तो कच्च्यात नसतो. वेलींच्या जाळ्यात पोहणेही धोक्याचे आहे. पाय अडकला तर चांगला पोहणाराही दमतो.

प्रश्न : कवठे झाडावर चांगली मोठी झाली आहेत. आता काढावीत का? (एक गृहिणी, जिल्हा वर्धा)

उत्तर : थोडे थांबावे. कवठाचा आकार लवकर पुरा होतो, गर मात्र नंतर भरतो, त्यामुळे बाहेरून पाहून काही कळत नाही. एक कवठ काढून हातभर उंचीवरून फरशीवर सोडावे. ते चेंडूसारखे उसळले तर आत अजून कच्चे आहे. धप्प आवाज होऊन जागीच राहिले तर तयार आहे. तयार कवठेही लगेच फोडू नयेत, दहा-पंधरा दिवस उन्हात ठेवावीत, म्हणजे गर काळसर आणि वासाचा होतो. मग गूळ, मीठ, तिखट घालून चटणी करावी. माकडे आधी येतील ही भीती तुम्हाला असेल, तर ज्या फांद्या त्यांच्या हाताशी आहेत त्यांचीच कवठे पौष लागताच काढून घ्यावीत आणि बाकीची झाडावरच राहू द्यावीत.